स्वतःची गाणी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नागपूर आवृत्ती)

मी गाणी लिहिते, त्यांना चाली लावते आणि नागपुरात घरातल्याच एका खोलीत इतरांची गाणी रेकॉर्डही करून देते. येणारे बहुतेक विशीतले. कॉलेज, शिकवणी नाहीतर नोकरी सांभाळून गाणारे. माईक लागेपर्यंत आणि चहा संपेपर्यंत तेच ते प्रश्न निघतात, म्हणून एकदाचे इथे लिहून ठेवते. उत्तरं माझी आहेत, त्यामुळे काही तिरकी आहेत. कायद्याचं जिथे आहे तिथे मात्र सरळ कायदाच सांगितलाय.

ताई, माझा आवाज ‘माझा’ आहे की नाही, हे कळायचं कसं?

पंखा बंद करा आणि फोनवर दोन रेकॉर्डिंग करा. आधी आपल्याच गाण्याच्या चार ओळी नुसत्या बोला, घरी आईला काही सांगताना बोलता तशा. मग त्याच ओळी गा. पेटी नको, तानपुऱ्याचं ॲपही नको. आता दोन्ही लागोपाठ ऐका.

पहिल्यांदा ऐकताना आवाज पातळ आणि परका वाटेल. घाबरू नका. एरवी आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि त्या वाटेनं खर्जाचा भाग जास्त पोचतो. रेकॉर्डिंगमध्ये ती वाट नसते. बाकी जग तुम्हाला कायम असंच ऐकत आलंय.

दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा वही जवळ ठेवा. बोलणारा माणूस आणि गाणारा माणूस जिथे जिथे वेगळे वाटतात, त्या जागा लिहून काढा. शब्दाआधी मुद्दाम सोडलेला श्वास. ओळीच्या शेवटी फुंकर. ‘र’ला आलेला भलताच गुळगुळीतपणा. घरी ठसठशीत ‘ळ’ म्हणणाऱ्या पोराचा गाताना झालेला ‘ल’. यातल्या काही जागा तुम्ही शिकून कमावल्या आहेत, त्या राहू द्या. काही मात्र कुठून तरी चिकटल्या आहेत आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. प्रत्येक जागेपुढे एकच प्रश्न लिहा: हे मी ठरवलं होतं का?

माझं सगळं म्हणणं या प्रश्नाभोवती फिरतं. कुठल्या पट्टीत गायचं (म्हणजे आपला ‘सा’ कुठे धरायचा), कुठल्या बोलीत लिहायचं, ठेका कुठला, समोर कोण बसलंय, कागदावर सही करायची की नाही, या गोष्टी जेव्हा तुम्ही स्वतः ठरवता तेव्हा हळूहळू आवाज तुमचा व्हायला लागतो. आणि तो झालाय हे बहुधा आधी दुसऱ्याच्या लक्षात येतं.

मी एका मोठ्या गायकासारखा गातो असं सगळे म्हणतात. हे चांगलं की वाईट?

सुरुवातीला चांगलं. कुमार गंधर्व लहानपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब गात. लोक गर्दी करायचे ते त्या नकलेसाठी. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे रीतसर तालीम झाली, मग क्षयानं गाठलं, देवासला राहायला जावं लागलं आणि काही वर्षं गाणं बंद राहिलं. त्या दिवसांत कानावर पडत होती ती माळव्याची लोकगीतं. त्यानंतर जे गाणं बाहेर आलं ते आधी कोणी ऐकलं नव्हतं. तेव्हा नकलेला भिऊ नका. एवढ्या बारकाईनं नक्कल करता येणं हा तयार कानाचा पुरावा आहे.

घोटाळा होतो तो एकाचीच नक्कल करण्यात. आपल्याकडचं उदाहरण वसंतराव देशपांड्यांचं. जन्म मूर्तिजापूरचा, १९२०चा. पहिली तालीम नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे. पुढे लाहोरला असद अली खाँ, मग सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर. आणि मनात कायम दीनानाथ मंगेशकर. इतक्या ठिकाणचं घेतल्यावर ‘हे अमक्या घराण्याचं’ असं म्हणायची सोयच राहिली नाही. मी पोरांना सांगते, तुझ्या आवडत्या गायकाच्या अगदी उलट गाणारा एखादा निवड आणि सहा महिने त्याची नक्कल कर. दोन नकला एकमेकींना भिडल्या की मधे थोडी मोकळी जागा होते.

कराओके ग्रुपमध्ये गातो. त्यानं आवाज बिघडतो का?

आवाज बिघडत नाही, सवय बिघडते. नागपुरात कराओकेचे ग्रुप उदंड. निवृत्त मंडळी, डॉक्टर, बँकवाले, सगळे ट्रॅकवर गातात आणि मजेत असतात. त्यात वावगं काहीच नाही. पण तिथे एक खुळ आहे, ‘ओरिजिनल स्केलवर गायलो’ याचं. मूळ गायकाची पट्टी त्याच्या गळ्याला बेतलेली होती. तुम्ही ती घालून फिरता म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून लग्नात नाचता.

पट्टी शोधायची रीत सोपी आहे. पेटीवर एखादा षड्ज, म्हणजे ‘सा’, धरा आणि खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत जा. तो भरून लागतो का, की नुसती हवा निघते? मग वर तार मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘म’पर्यंत जा. मान ताणावी लागते का, भुवया वर जातात का? खालचा पंचम भरलेला आणि वरचा मध्यम बिनकष्टाचा, असा जो षड्ज सापडेल ती तुमची पट्टी. पेटीच्या पट्ट्यांच्या नावानं सांगायचं तर पुरुष साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास आणि बायका काळी चार-पाचच्या आसपास गातात असा प्रघात आहे. पण प्रघात म्हणजे नियम नाही.

माझ्याकडे एक मुलगी यायची, काळी पाचात गाणारी. क्लासमध्ये सगळ्या मुली त्याच पट्टीत गात, म्हणून हीपण. वरचे सूर लागत होते, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. एकदा गळा बसला होता म्हणून आम्ही काळी तीनावर उतरलो. शब्द एकदम जवळ आले. आधी तिचं लक्ष वरच्या सुरात अडकलेलं असे, आता ते ओळीत होतं. ‘डोळे’ हा शब्द तिनं असा म्हटला की दाराशी उभी असलेली तिची आई आत येऊन बसली. गळा बरा झाल्यावर काळी पाचात परत जायचा विषय तिनंच काढला नाही.

तेव्हा ट्रॅक हवा तर वापरा, पण पट्टी बदलून घ्या. आणि आठवड्यातनं एकदा तरी ट्रॅकशिवाय गा. ट्रॅक कधी थांबत नाही, त्यामुळे कुठे थांबायचं ते गाणाऱ्याला कळेनासं होतं.

विशारद केलंच पाहिजे का?

परीक्षा नाही दिली तरी चालेल. सूर आणि लय यांची तालीम मात्र कोणाकडे तरी समोर बसून घ्या. व्हिडिओ पाहून राग कळतो, पण आपला गंधार, म्हणजे ‘ग’, चढतोय हे व्हिडिओ सांगत नाही.

नागपुरी बोलीत गाणं लिहिलं तर लोक हसतात. काय करू?

हसतात, कारण त्यांनी आपली बोली आजवर बहुतेक विनोदातच ऐकलीय. ‘काहून बे’ म्हटलं की टाळी ठरलेली. म्हणून बरेच जण बोलीत लिहितात तेही हसवण्यासाठीच, आणि प्रेमाचं, मरणाचं, कर्जाचं गाणं आलं की पुण्याच्या मराठीत शिरतात. मला हे विचित्र वाटतं. घरात कोणी गेलं तेव्हा आपण काय प्रमाण भाषेत रडलो होतो?

बोलीत नुसता वेगळा शब्द मिळत नाही, वेगळं वजन मिळतं. ‘जातोय’ म्हटलं की पाच मात्रा. आपण म्हणतो ‘जाऊन राहिलो’. मोजा: जाऊन पाच, राहिलो पाच. दहा मात्रा, मधोमध दुभंगलेल्या. हा सरळ झपताल आहे, धी ना धी धी ना, ती ना धी धी ना. आठ मात्रांच्या केहरव्यात तेच वाक्य कोंबायला गेलात तर शेपूट बाहेर राहतं आणि मग आपण ते कापून ‘जातोय’ करतो. म्हणजे बोली गेली ती ठेक्यापायी. आधी ओळ तोंडानं म्हणा, ती कुठल्या चालीनं चालते ते बघा, ठेका मग ठरवा. ‘राहिलो’च्या शेवटी येणारा ‘लो’ लांबवायला मोकळा आहे. आपल्या बोलीत वाक्यांच्या शेवटी अशा जागा पुष्कळ सापडतात.

वऱ्हाडी आणि नागपुरी एकच समजू नका, हेही सांगते. ‘मले-तुले’ अकोल्याच्या माणसाच्या तोंडी जसं बसतं तसं धरमपेठेत वाढलेल्याच्या तोंडी बसेलच असं नाही. तुमच्या घरात हिंदी मिसळलेलं असेल तर गाण्यातही मिसळू द्या, ते इथलंच आहे. ऐकणारा खोटं पटकन ओळखतो. आणि कृपा करून गाण्यात तर्री-पोहे, सावजी आणि संत्री एका कडव्यात भरू नका. त्यानं गाणं नागपूरचं होत नाही, जाहिरात होते.

इथली लोकगीतं, भजनं, भीमगीतं यांतून काही घेतलं तर ते माझं कसं म्हणता येईल?

आधी त्यांच्याकडून दुसरीच एक गोष्ट घ्या. ‘इंडी म्युझिक’ हा शब्द आपल्या कानावर यायच्या कितीतरी आधीपासून या भागात माणसं कुठल्याही कंपनीविना गाणी करून जगत आली आहेत. दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या परिसरात फिरून बघा. पुस्तकांच्या शेजारी गाण्यांचे स्टॉल लागतात. आधी कॅसेट होत्या, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. गायन पार्ट्या स्वतः लिहितात, स्वतः चाली लावतात, रात्र रात्र गातात. वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली ती रेडिओच्या मेहरबानीवर नाही, गाणाऱ्यांच्या तोंडून.

दुसरीकडे झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया; दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली की नाटकांचा हंगाम. वडसा हे त्याचं केंद्र. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो, गाणी जिवंत. नागपुरातनं कलाकार तिथे जातात, तुम्हीही एकदा जा आणि प्रेक्षकांत नाही, वादकांच्या बाजूला बसा. गाणं पडतंय हे त्यांना दुसऱ्या ओळीला कळतं आणि तिसऱ्या ओळीला ढोलकी चाल बदलते. लाइक मोजून एवढ्या लवकर काही कळत नाही.

आता घेण्याबद्दल. दंडार, खडी गंमत ही इथली लोकनाट्यं आणि खंजिरी भजन, यांतला ठेका, गाण्याची धाटणी, सवाल-जबाबाचा आकार हे सगळ्यांचं आहे. घ्या. पण खंजिरीचा आवाज हवा म्हणून लायब्ररीतला तुकडा चिकटवण्यापेक्षा गावातल्या भजन मंडळातल्या माणसाला बोलवा, त्याचं मानधन द्या, नाव लिहा. खंजिरी कुठे थोपटायची, कुठे दाबून आवाज मारायचा हे त्याच्या बोटांत आहे. एखाद्या म्हातारीकडून गाणं ऐकलं असेल तर ‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. कोणाकडून, कुठल्या गावात ऐकलं ते तिला विचारून लिहा. आणि प्रत्येक जुनी रचना पारंपरिक नसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं या हिशेबानं त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांवरचा कॉपीराइट २०२८च्या अखेरपर्यंत चालतो.

सुरेश भट किंवा ग्रेस यांच्या कवितेला चाल लावलीय. टाकू का?

घरी गा, मित्रांत गा. रेकॉर्ड करून टाकायची तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. हिशेब वरचाच. भट २००३मध्ये गेले, म्हणजे २०६३ संपेपर्यंत. ग्रेस २०१२मध्ये, म्हणजे २०७२. कवी अनिल १९८२मध्ये गेले, म्हणजे २०४२. चाल तुमची असली तरी शब्द तुमचे नाहीत, ही दोन वेगळी कामं आहेत आणि कायदा ती वेगळीच मोजतो. तुकाराम, जनाबाई, चोखामेळा खुले आहेत. बहिणाबाई चौधरी १९५१मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी छापून आली १९५२मध्ये. मरणोत्तर छापलेल्याची साठ वर्षं छापल्यापासून मोजतात, म्हणून त्या गाण्यांची मुदत २०१२च्या अखेरीस संपली.

त्याहीपेक्षा, शेजारच्या गल्लीत कोणीतरी कविता करत असतं. तिला विचारून बघा. तीही चाल लावणाऱ्याच्या शोधात असेल.

घरी रेकॉर्डिंग करतो, पण उन्हाळ्यात कूलरचा आवाज येतो. काय करायचं?

हा खरा नागपूरचा प्रश्न. मे महिन्यात पारा ४५च्या वर, कूलर बंद केला की गाणारा दहा मिनिटांत घामानं निथळतो, आणि चालू ठेवला तर गाण्यात विमान उडतं. सॉफ्टवेअरनं आवाज काढता येतो, पण त्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ची धारही जाते.

मी करते ते असं. दुपारभर कूलर लावून खोली गार करून ठेवायची. संध्याकाळी कूलर बंद. नुसता पंखा थांबून चालत नाही. खसच्या ताट्यांतनं टाकीत पाणी ठिबकत राहतं आणि माईक ते बरोबर पकडतो. ते थांबेपर्यंत शब्द वाचून घ्यायचे. मग एका दमात घ्यायचं तेवढं घ्यायचं. सगळ्यात चांगली वेळ पहाटेची, कोकिळा सुरू व्हायच्या आत. तिला पटवायचा उपाय मला सापडलेला नाही.

तबला असेल तर आणखी एक त्रास. कूलरच्या ओल्या हवेत चामडं सैल पडतं आणि तबला उतरतो; कूलर बंद करून खोली कोरडी झाली की चढतो. त्यामुळे हातोडी हाताशी ठेवा आणि प्रत्येक टेकआधी लावून घ्या. गिटारचं उलट आहे, तिला मे महिन्याची कोरडी हवा मारते. लाकूड आक्रसतं, तारा जवळ येतात, कधी समोरच्या फळीला भेग जाते. गिटारच्या केसमध्ये ओलसर, पण पाणी न गळणारा स्पंज छोट्या डबीत ठेवून द्या.

माईकबद्दल सगळे महागड्याचा विचार करतात. कंडेन्सर माईक खोलीतला प्रत्येक आवाज घेतो आणि त्याला इंटरफेसमधून (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यातून) ४८ व्होल्ट लागतात ते वेगळंच. खोली उघडी-बोडकी असेल तर साधा डायनॅमिक माईक बरा. तोंडापासून वीतभर लांब, किंचित तिरका. आणि रजई टांगायची ती माईकच्या मागे नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागे. माईक समोरचं ऐकतो, तेव्हा भिंतीवरून उलटून येणारा आवाज गाणाऱ्याच्या मागून येऊनच त्यात शिरतो. हे एवढं केलं तरी निम्मं काम होतं. फाइल २४ बिटमध्ये घ्या आणि पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे अचानक जोरात गायलात तरी फाटणार नाही.

ऑटो-ट्यून वापरणं म्हणजे फसवणूक का?

नाही. पण ते कसं चालतं हे माहीत असू द्या. ते तुमचा सूर जवळच्या ठरलेल्या सुरावर ओढतं. आपल्या गाण्यात दोन सुरांमधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हाच जीव असतो. दरबारी रागाचा कोमल गंधार हलता असतो. यंत्राच्या लेखी ती चूक आहे, ते त्याला सरळ करून ठेवतं. सगळ्या गाण्यावर एकदम फिरवू नका. दोन सूर खरंच हुकले असतील तर तेवढे हातानं दुरुस्त करा, किंवा परत गा. परत गाणं बहुधा लवकर होतं.

आणि एआयनं चाल करून दिली तर?

मग गाणं तुमचं का म्हणायचं, याचं उत्तर तुमच्याकडे तयार ठेवा. मला कोणी विचारलं तर मी विचारते, यातली कुठली ओळ तू टाकून दिलीस आणि का? उत्तर आलं तर पुढे बोलू.

एका म्युझिक कंपनीनं करार पाठवलाय. सही करू का?

वाचल्याशिवाय नाही, आणि ‘फॉरमॅट स्टँडर्ड आहे’ असं सांगितलं तर आणखी सावकाश वाचा. कॉपीराइट कायदा १९५७चा, त्यात २०१२मध्ये मोठे बदल झाले. तुमच्या कामाचं एवढं लक्षात ठेवा.

गाणं तयार झालं की हक्क आपोआप तयार होतात, नोंदणी सक्तीची नाही. एका गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग असे तीन वेगळे हक्क असतात. तुम्ही एक देऊन दोन ठेवू शकता. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच होतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन कंपनी वर्षभर गाणं दाबून बसली तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते हक्क सुटतात. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण विश्वात’ असे शब्द दिसले की थांबा. विश्वात आपलं काही काम नाही, पण कायमस्वरूपीमध्ये आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कराराने सोडून देता येत नाही. २०१२पासून कायदाच तसं म्हणतो. तो वाटा गोळा करायला आयपीआरएस ही १९६९ची संस्था आहे, तिचं सदस्यत्व घ्या. गायकांसाठी तशीच इसाम्रा ही संस्था आहे, आधी तिचं नाव इसरा होतं.

वितरण करणारी सेवा आणि लेबल यांत गल्लत करू नका. वितरक तुमचं गाणं सगळ्या ॲप्सवर पोचवतो आणि फी किंवा टक्का घेतो. मालकी तुमच्याकडे राहायला हवी. ती राहते की नाही हे अटींत शोधा. आणि गाण्याला मिळालेला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक जपून लिहून ठेवा. उद्या वितरक बदललात तर तोच वापरायचाय, नाहीतर मोजणी पहिल्यापासून सुरू.

ह्यात पैसे मिळतात का?

ऐकवण्यातून फार थोडे. स्पॉटिफाय २०२४पासून बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच देत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींच्या वाट्यासाठी हजार सबस्क्राइबर आणि वर्षात चार हजार तास बघणं लागतं, नाहीतर शॉर्ट्सचे नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यू. माझ्या ओळखीत जे टिकले ते शिकवण्या, कार्यक्रम, जिंगल आणि कोणाच्या तरी नाटकाचं संगीत यांवर.

घरचे म्हणतात आधी नोकरी. ऐकू का?

वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं संरक्षण खात्याच्या हिशेब विभागात नोकरी करत होते. घरच्यांना हे सांगू नका, ते ‘बघ’ म्हणतील. पण तुम्ही लक्षात ठेवा. महिन्याचा पगार असला की नको असलेलं काम नाकारता येतं, आणि नाकारता येणं ही आपल्या धंद्यात चैन आहे.

नागपुरात गायचं कुठे?

रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह दोन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं आहे, सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृहही मोठं. नवीन माणसानं तिथे स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम लावू नये. रिकाम्या खुर्च्या बघून गळा आकसतो. घराची बैठक, वाचनालयाचा हॉल, कॅफेचा कोपरा, गणपतीतला एखाद्या वस्तीचा मंडप, इथे सुरुवात करा. तीस माणसं वीतभर अंतरावर बसली की कुठल्या ओळीला कोण फोनकडे बघतं ते दिसतं.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हे धरूनच क्रम लावा. आपलं गाणं शेवटी ठेवणारे आयोजक असतात. त्यांना नम्रपणे सांगा की मला साडेआठला गायचंय.

आकाशवाणी नागपूर १९४८पासून आहे आणि सुगम संगीताची, लोकसंगीताची ऑडिशन तिथे रीतसर होते. ग्रेड मिळो न मिळो, परक्या माणसांपुढे बिनइफेक्टचं गाण्याची सवय लागते.

मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय काही होतं का?

सिनेमात गायचं असेल तर जा. स्वतःची गाणी करायची असतील तर आधी इथे एक गाणं असं करा, जे तुमच्या गल्लीतल्या माणसाला पाठ झालंय. मग जा. तिथे पहिल्या दिवशी विचारतात, तुझं काय आहे? दाखवायला काही नसलं की ते तुम्हाला त्यांना हवं तसं घडवतात.

गाणं टाकलं, कोणीच ऐकलं नाही. आता?

प्रदर्शनाच्या किमान आठवडाभर आधी ते वितरकाकडून पोचलेलं असू द्या, म्हणजे प्लेलिस्टच्या संपादकांकडे पाठवता येतं. हे न करता टाकलं असेल तर पुढच्या वेळी करा. शिवाय पन्नास जणांना लिंक टाकण्यापेक्षा पाच जणांना समोर बसवून ऐकवा. त्यातला कोणी चार दिवसांनी मुखडा गुणगुणला तर गाण्यात काही आहे. पाचांपैकी कोणीच नाही गुणगुणलं तर पोस्टर बदलून उपयोग नाही, मुखडा बदला.

ताई, माझं गाणं ऐकून सांगाल का?

सांगेन. दोन फाइल आणा: एक पूर्ण वाद्यांसकट, एक नुसत्या आवाजाची, काहीही न लावलेली. शब्द कागदावर लिहून आणा, मोबाइलवर नको. पट्टी कुठली आणि तीच का, हे वरती लिहा. आणि उन्हाळ्यात येणार असाल तर संध्याकाळी सातनंतर या, त्याआधी कूलर चालू असतो आणि मला काही ऐकू येत नाही.